घराचे मत आणि माणसाचे मत

लोणावळ्यात नगरपालिकेचे मतदान असले की शाळेच्या फाटकाशी सकाळपासून रांग लागते. त्या रांगेत रिक्षावाला असतो, चिक्कीच्या पुड्या बांधणाऱ्या बाया असतात, रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर असतो, आणि एखाद्या बंगल्याचा माळीही असतो. बंगल्याचा मालक मात्र बहुधा नसतो. त्याचे नाव मुंबईच्या यादीत असते. लोणावळ्यात त्याची जमीन आहे, इमारत आहे, माळ्याने जन्मात पाहिली नसेल एवढी घरपट्टी तो भरतो. पण लोणावळ्याचा नगरसेवक कोण असावा हे माळी ठरवितो, मालक ठरवीत नाही. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी असे कोणी सांगितले असते, तर ऐकणाऱ्याने ती थट्टा समजली असती. त्या काळी मत घराला होते, माणसाला नव्हते.

मी इतिहासाचा पंडित नाही. कामगारांच्या सभा घेण्यात आणि मागण्यांचे मसुदे करण्यात माझे दिवस गेले. जे काही वाचले ते रात्री, आणि तेही पुष्कळदा एखादा करार किंवा खटला समोर उभा राहिला म्हणून. तेव्हा मावळच्या इतिहासाकडे मी कामगाराच्या बाजूने पाहतो आणि तीन साधे प्रश्न विचारतो. ज्यांनी हे गाव उभे केले त्यांना गावच्या कारभारात मत केव्हा मिळाले? मिळाल्यावर ते त्यांनी कसे दिले? आणि आज ते कोणाला मिळालेले नाही?

आजचे लोणावळे रेल्वेने घडविले. मावळ जुने आहे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याची गावे रेल्वेच्या कितीतरी आधीची. वडगावला १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांना तह करावयास लावला, तेव्हा घाटमाथ्यावर लोणावळे नावाचे शहर नव्हते. ते झाले बोरघाटाच्या कामामुळे. १८५६ मध्ये ते काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातून रेल्वे सुरू झाली. सह्याद्रीच्या कड्यात पंचवीस बोगदे खोदले गेले. काम भरात असताना एका वेळी चाळीस हजारांवर माणसे घाटात राबत होती. पटकीने आणि तापाने त्यांतली किती गेली याची नावनिशीवार यादी कोणी ठेवली नाही. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या कारणाने मजूर गोऱ्या देखरेखवाल्यांवर उठले. दंगल झाली, एक युरोपियन मारला गेला. त्याच वर्षी फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिने आपल्या व्यवस्थापकांकरवी घाट पुरा करून घेतला. कंत्राटदारांची नावे अशी आपल्याला तपशीलवार सापडतात. बोगद्यात सुरुंग लावणाऱ्याचे नाव सापडत नाही.

घाट झाला आणि माथ्यावर रेल्वेचे ठाणे पडले. इंजिनांना चढ चढावयास पाणी लागे, म्हणून रेल्वे कंपनीने भुशीचे धरण बांधले. आज पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर सहलीच्या लोकांची झुंबड उडते. ते पाणी प्रथम माणसांसाठी अडविलेले नव्हते, इंजिनांसाठी होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. गाव यंत्राभोवती वाढले. यंत्र चालविणारी माणसे त्याच्या कडेकडेने चाळीत, झोपडीत, वाडीत राहू लागली. पुढे १९१५ पासून इथल्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीला टाटांची वीज निघू लागली, आणि १९२९ मध्ये पुण्यापर्यंतची रेल्वे विजेवर धावू लागली. पाणी इथले, वीज मुंबईची, अशी ही कहाणी आहे.

आता कारभाराकडे येऊ. मावळात पहिली नगरपालिका १८६६ साली तळेगाव दाभाडे येथे झाली, आणि लोणावळ्याची १८७७ साली. त्या वेळच्या नगरपालिका म्हणजे सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले चार प्रतिष्ठित लोक. निवडणूक नव्हती, म्हणून मतदारही नव्हता. पुण्याची नगरपालिकाही तशीच होती. महात्मा फुले १८७६ साली तिचे सभासद झाले तेही नेमणुकीनेच. परंतु नेमलेला माणूस कसा वागू शकतो हे त्यांनी दाखविले. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठी शहराची शोभा करण्याकरिता हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांत विरोध करणारे एकटे जोतीराव होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण ज्यांना मत नव्हते अशा हजारो लोकांच्या वतीने त्या दिवशी एक मत पडले.

१८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. लोकांनी आपल्या गावचा कारभार करून राजकारण शिकावे, अधिकाऱ्यांनी थोडे बाजूला सरावे, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा आणि नगरपालिकांचा असे दोन कायदे झाले आणि निवडलेल्या सभासदांना जागा मिळाल्या. पण निवडणार कोण? ठराविक रकमेचा कर भरणारे, मानद दंडाधिकारी, सनद घेतलेले वकील, विद्यापीठाचे पदवीधर, अशी ती मंडळी होती. घर ज्याचे, मत त्याचे. चाळीतला भाडेकरू, रेल्वेच्या शेडमधला कोळसेवाला, रस्ता झाडणारा आणि मैला वाहणारा, हे नगरपालिकेच्या हिशेबात होते, मतदारांच्या यादीत नव्हते.

त्याच १८८४ साली मुंबईत दुसरी एक गोष्ट घडली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे नेला. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अशा मागण्या त्यात होत्या. मी या दोन घटना नेहमी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. एकीकडे कायद्याने घरवाल्याला मत दिले. दुसरीकडे ज्याला मत नव्हते त्या कामगाराने कागदावर आपले नाव उठविले. त्या सह्या मी कामकऱ्यांचे पहिले मतदान समजतो. त्याची मोजणी व्हावयास सहा वर्षे लागली. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

हा भेद केवळ गुलाम देशातला होता असे कोणी समजू नये. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात लहान गावांची माणसे वर्षातून एकदा सभागृहात जमतात आणि गावचा जमाखर्च हात वर करून मंजूर करतात. त्या प्रथेचे गोडवे आपण वाचलेले असतात. पण त्याच भागातल्या ऱ्होड आयलंड राज्यात, जेथे कापडाच्या गिरण्या दाट होत्या, शहराच्या कौन्सिलसाठी मत देण्यास मालमत्तेची अट १९२८ पर्यंत टिकली होती. गिरणी कामगार देशाचा अध्यक्ष निवडू शके, पण आपल्या गल्लीतल्या गटाराचा कारभारी निवडू शकत नसे. याचे कारण उघड आहे. घरपट्टी किती बसवावी आणि ती कोणत्या रस्त्यावर खर्च करावी हे नगरपालिका ठरविते. मालमत्तेला मताची भीती वाटते ती दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये जितकी, त्याहून अधिक आपल्या दाराशी.

आपल्याकडे तळेगावने याच्या उलट एक धडा घालून दिला होता. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली: प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी धंदे उभे राहावेत. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. सावकाराचाही एक पैसा आणि हमालाचाही एक पैसा. जेथे नगरपालिकेच्या मतासाठी कराची पावती लागत होती, त्याच गावात पैशापैशाने सारखेपणाचा हिशेब मांडला गेला. राजकारणात तो हिशेब उतरावयास आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

तो उतरविण्यात ज्यांचे श्रम सर्वांत मोठे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा तळेगावातला बंगला आजही लोक पाहावयास येतात. सायमन कमिशनपुढे १९२८ साली त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. त्या वेळी शहाणीसुरती माणसे म्हणत होती की, अडाण्याला मत देऊन काय होणार? १९३२ च्या ऑक्टोबरात मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतींचे बिल आले, तेव्हाही त्यांनी हाच मुद्दा धरला. प्रौढ मताधिकार नसेल आणि अस्पृश्यांना राखीव जागा नसतील, तर पंचायतीच्या हाती सत्ता देणे म्हणजे गावच्या बड्यांच्या हाती दुबळ्यांना देणे होय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गावकीचा अनुभव ज्याने खालून घेतला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

१९५० साली राज्यघटना आली आणि एक माणूस, एक मत हा नियम झाला. त्याच वर्षीच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक कलम आहे, विसावे. माझ्या मते आमच्या लोणावळ्यासारख्या गावाने ते पाठ करावे. एखाद्या ठिकाणी माणसाचे घर आहे किंवा घर त्याच्या ताब्यात आहे, एवढ्यावरून तो तेथला रहिवासी ठरत नाही, असे ते सांगते. मत राहण्याला आहे, मालकीला नाही. १८८४ चा सगळा डोलारा या एका वाक्याने आडवा झाला. बंगल्याचा माळी रांगेत आणि मालक रांगेबाहेर, ही किमया त्या कलमाची आहे.

आता दुसरा प्रश्न. मिळालेले मत मावळाने कसे दिले? विधानसभेपुरते पाहिले तर मावळाचा मतदार एका बाजूस लागला की बराच काळ तेथे राहतो, आणि फिरला की जोराने फिरतो. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटला होता. तेव्हा मावळाने जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी यांना निवडून दिले. त्या समितीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता आणि जनसंघही होता. लोकांनी पक्षापेक्षा प्रश्न पाहिला. १९९५ ते २०१४ या काळात सलग पाच निवडणुकांत येथून भारतीय जनता पक्षाचा उमेदवार आला. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे सुनील शेळके आले, आणि २०२४ मध्ये तेच लाखाहून अधिक मतांनी पुन्हा आले. मध्यंतरी ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले आणि गोळीबारात तिघे ठार झाले. ती जखम प्रत्येक निवडणुकीत बोलली जाते, पण एका जखमेवरून मावळचे मत कायमचे ठरले असे आकडे सांगत नाहीत.

नगरपालिकेचे मत मात्र वेगळ्या जातीचे आहे. तेथे पक्षाचे चिन्ह असते, पण लोक वाडी पाहतात, आळी पाहतात, भावकी पाहतात. आताच्या पद्धतीत बहुतेक प्रभागांतून दोन सभासद निवडावयाचे असतात आणि नगराध्यक्ष थेट लोकांतून. म्हणजे मतदाराच्या हाती तीन मते येतात. त्यांतले एक तो भावकीला देतो, एक शेजाराला, आणि नगराध्यक्षाचे मत देताना कधी पक्ष आठवतो. परिणामी अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असेही होऊ शकते. थेट अध्यक्षाची ही रीत महाराष्ट्रात १९७४ साली प्रथम आली, आणि त्यानंतर सरकारे बदलली तशी ती कधी मोडली, कधी परत आणली गेली. गावाला काय सोयीचे यापेक्षा सत्ताधाऱ्यांना काय सोयीचे, हे त्यात अधिक पाहिले गेले असे मला वाटते.

माझ्यासारख्याला याचा पूर्वी राग येई. कारखान्याच्या फाटकावर खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसे नगरपालिकेला वाडीवाडीने फुटतात, हे काय? एकदा सभा संपल्यावर मी हे बोलून दाखविले. तेव्हा एक जुना कामगार म्हणाला, “दादा, पगार आम्हां सगळ्यांचा एका दिवशी होतो. नळाला पाणी मात्र प्रत्येक आळीला वेगळ्या वेळी येतं.” मी गप्प झालो. त्याने मला जे शिकविले ते कोणत्या पुस्तकात मिळाले नव्हते. कारखान्यात माणसांचे हित एका ठिकाणी बांधलेले असते, म्हणून मत एक होते. नगरपालिका जे देते ते आळीआळीने देते: नळ, दिवा, गटार, दाखला, बांधकामाची परवानगी. जे तुकड्याने मिळते त्यासाठी माणूस तुकड्यानेच मत देतो. आळीचा नगरसेवक म्हणजे त्याचा फाटकावरचा प्रतिनिधीच. यात अडाणीपणा नाही, व्यवहार आहे. दोष आहे तो एवढाच की, सगळ्या गावाचे जे प्रश्न आहेत, डोंगर किती पोखरावा, पावसाळ्यातली गर्दी कशी आवरावी, कचरा कोठे न्यावा, कंत्राटावरच्या सफाई कामगाराला काय मिळावे, त्यांना आळी नसते. म्हणून त्यांना मतही मिळत नाही.

एक बदल मात्र मुळापासून झाला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. प्रारंभी लोक हसले. नवरे कारभार करतील म्हणाले, आणि काही ठिकाणी नवऱ्यांनी तो केलाही. पण पाण्याच्या वेळेचे भांडण सभागृहात नेण्यास पाणी भरणारीच लागते. मत देणारी आता मत मागावयासही आली.

अशा या नगरपालिकेचे महत्त्व ती नसताना कळले. २०१६ च्या अखेरीस निवडलेल्या सभासदांची मुदत पाच वर्षांनी संपली, आणि राखीव जागांचा वाद न्यायालयात अडकल्याने राज्यभर निवडणुका थांबल्या. कारभार प्रशासकाच्या हाती गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्यास सांगितले, तेव्हा कोठे त्या वर्षाच्या डिसेंबरात मतदान झाले आणि २१ तारखेस मोजणी झाली. म्हणजे जवळजवळ चार वर्षे आपण १८७७ च्या पद्धतीने कारभार करून घेतला: नेमलेला अधिकारी आणि अर्ज घेऊन उभी असलेली रयत. अधिकारी वाईट होते असे मी म्हणत नाही. पण अधिकाऱ्याला आळी नसते, आणि पाच वर्षांनी त्याला कोणाच्या दारात यावे लागत नाही.

आता शेवटचा प्रश्न, ज्यासाठी हे सारे सांगितले. २०११ च्या शिरगणतीत लोणावळ्याची वस्ती ५७,६९८ होती. सुटीच्या दिवशी त्याच्या कितीतरी पट माणसे येथे उतरतात. त्यांची भांडी कोण घासतो, अंथरुणे कोण घालतो, नव्या इमारतींच्या विटा कोण वाहतो? मराठवाड्यातून आलेला, उत्तरेतून आलेला, मावळातल्याच डोंगरपट्टीतला कातकरी. तो येथे वर्षानुवर्षे राहतो, येथले पाणी पितो, येथे आजारी पडतो. पण पुष्कळदा त्याचे नाव गावाकडच्या यादीत असते, किंवा कोठल्याच यादीत नसते. नगरपालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते. तेथे नाव नसेल तर नगरसेवकाला त्याची आळी दिसत नाही, आणि जी आळी दिसत नाही तेथे नळ जात नाही. कायद्याचे विसावे कलम त्याच्या बाजूने आहे. मत राहण्याला आहे. पण राहत असल्याचा कागद मालकाने द्यावा लागतो, आणि मालकाला तो देणे जड जाते.

म्हणजे बोरघाटातल्या १८५९ च्या मजुराचा पणतू अजून घाटातच उभा आहे. फरक एवढाच की, त्याच्या पणजोबाच्या वाटेत कायदा आडवा होता, आणि याच्या वाटेत फक्त एक अर्ज आहे. सहा नंबरचा अर्ज नव्या नावासाठी, आठ नंबरचा राहण्याची जागा बदलल्यास. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या जमविल्या तेव्हा त्यांच्याजवळ ना कायदा होता ना कार्यालय. आपल्याजवळ दोन्ही आहेत. पुढल्या यादीच्या आधी आपल्या आळीत, आपल्या हॉटेलाच्या मागच्या खोलीत, आपल्या इमारतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोण राहते हे प्रत्येकाने एकदा विचारावे आणि त्याचा अर्ज भरून द्यावा. तो कोणाला मत देईल हे मात्र विचारू नये. ते त्याचे आहे.